कुंपण गावाचे, वाफा घराचा

वैनगंगा नदी दक्षिणेकडे वाहत जात असता चामोर्शी तालुक्यात मार्कंडा येथे काही अंतर उत्तराभिमुख होते. अशा उत्तरवाहिनी प्रवाहास आपल्याकडे विशेष पावित्र्य मानतात, आणि ह्याच तीरावर मार्कंडेश्वराच्या मंदिरांचा प्राचीन समूह उभा आहे. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. यात्रा आटोपली, दुकाने उठली, की उन्हाचा ताव वाढू लागतो. धानाच्या बांध्या तर केव्हाच मोकळ्या झालेल्या असतात, पळस फुलून ओसरू लागलेला असतो, आणि गुरे दाव्यावाचून फिरू लागतात. पुष्कळ शेतकरी ह्या काळास रिकामा काळ समजतात. परंतु गावात एखादी सार्वजनिक परसबाग असेल, तर तिच्या कसोटीचा काळ हाच होय.

अलीकडच्या वर्षांत अशा बागांस सरकारी उत्तेजन पुष्कळ मिळाले आहे. २०१९ मध्ये केंद्र शासनाने शाळांतील पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. महाराष्ट्रात राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने, ज्यास आपण ‘उमेद’ ह्या नावाने ओळखतो, महिला बचत गटांमार्फत पोषण परसबागांची मोहीम चालविली. गावोगावची तरुण मंडळे, गुरुदेव सेवा मंडळे, बचत गट आणि शाळेतील मुले मृगाच्या पावसाबरोबर कुदळ-फावडे घेऊन पुढे येतात. वाफे पडतात, मांडव उभे राहतात, एक फलक लागतो. श्रावणात दोडक्या-कारल्यांच्या वेलांनी कुंपण झाकून जाते. पुढे दिवाळी येते, धानाची कापणी व मळणी येते, मोहफुलांचा हंगाम येतो, तेंदूपानांचा हंगाम येतो. आणि नवतपा लागेपर्यंत बागेत बहुधा फलकच तेवढा शिल्लक राहतो. फलकास पाणी लागत नाही.

ही हानी लहान समजू नये. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे. पावसाळ्यात हे वन आणि त्यालगतची पडीत जमीन गावास भरभरून भाजी देते. तरोटा, कुरडू, पातूर, कुड्याची फुले, बांबूचे कोवळे वास्ते, ह्यांतील काही ना काही त्या दिवसांत प्रत्येक चुलीवर शिजते. थंडीत सांदवाडीतील वालाच्या शेंगा व वांगी असतात. परंतु फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत ताटातील हिरवा भाग नाहीसा होतो. भात असतो, लाखोळीचे वरण असते, वाळवून ठेवलेली भाजी असते. ताजी भाजी मात्र मोटारीने दुरून यावयाची, आणि ती ज्यास परवडेल त्यानेच घ्यावयाची. गरोदर स्त्रियांस व वाढत्या मुलांस रक्तवाढीसाठी जे लागते, ते ह्याच तीन-चार महिन्यांत तुटते. म्हणून सार्वजनिक बागेची योग्यता श्रावणातील तिच्या शोभेवरून न ठरविता, वैशाखात अंगणवाडीच्या पातेल्यात मूठभर शेवग्याचा पाला पडतो की नाही ह्यावरून ठरविली पाहिजे.

मग बागा का मरतात? लोकांस आस्था नाही, असे उत्तर कार्यालयात बसून देणे सोपे आहे. ते खरे नाही. झाडीपट्टीतील माणूस सामुदायिक कामास कधी मागे राहिलेला नाही. सामाईक वस्तूची निगा कोणी, केव्हा व कोणत्या हक्काने राखावयाची, हे आरंभीच ठरविले जात नाही, हे त्याचे कारण आहे. ह्याचा मोठा दाखला आपल्याच भागात, प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर पसरलेला आहे.

तलावांवरून घ्यावयाचा बोध

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. गोंड राजांच्या अमदानीपासून हे तलाव बांधले जात होते. कोहळी समाजाचे तलाव बांधण्यातील कौशल्य तर प्रसिद्धच आहे. ह्या तलावांची पाळ दुरुस्त करणे, गाळ काढणे, पाट साफ ठेवणे ही कामे गाव मिळून करीत असे. त्यात मालगुजाराचा धाक होता हे नाकारता येणार नाही. परंतु कोणत्या शेतास किती पाणी व त्यापोटी कोणी किती दिवस काम करावयाचे, हे प्रत्येकास ठाऊक होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि १९५१ मध्ये तलाव शासनाकडे आले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर निगेची व्यवस्थाही गेली, आणि तिच्या जागी दुसरी लवकर उभी राहिली नाही. तलाव सरकारचा म्हणून गावाने हात आखडला. सरकारजवळ एवढ्या तलावांच्या पाळी राखण्यास माणसे नव्हती. गाळ साचला, पाळी खचल्या, पाटांत गवत माजले.

सार्वजनिक परसबागेचे नेमके असेच होते, फक्त पन्नास वर्षांऐवजी पाच महिन्यांत. ती शाळेची म्हणावी तर उन्हाळ्यात शाळेस सुट्टी. ग्रामपंचायतीची म्हणावी तर शिपायास इतर कामे. मंडळाची म्हणावी तर मंडळातील तरुण तेंदूच्या फळीवर गेलेले. ‘सर्वांची’ ह्या शब्दाचा अर्थ वैशाखात ‘कोणाचीच नव्हे’ असा होऊन बसतो.

आमच्या मते ह्यावर उपाय असा, की बागेतील काही गोष्टी पूर्णपणे सामाईक ठेवाव्यात व काही पूर्णपणे घराघरांत वाटून द्याव्यात. कुंपण, पाण्याची जागा, खताचा खड्डा, बियाणे, अवजारे आणि कडेची फळझाडे ही मंडळाची असावीत. आतील वाफे मात्र एकेका घराच्या नावे द्यावेत. त्यात काय पेरावयाचे ते त्या घराने ठरवावे, पाणी त्या घराने घालावे, आणि उत्पन्नही त्या घराने न्यावे. कडेच्या झाडांचे उत्पन्न अंगणवाडी, शाळा व गावातील निराधार वृद्ध ह्यांचे समजावे. वाफा घराचा असला म्हणजे वांगे कोणी तोडले हा तंटा राहत नाही. आणि पाणी न घातल्यास कोणाचा वाफा वाळला हे सर्वांस दिसते. दिसणे पुरे असते, दंडाची गरज क्वचितच पडते.

ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर, मागणी आल्यास, रहिवाशांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देण्याची जबाबदारी टाकली. एका तुकड्याचे रूढ माप आपल्या हिशेबाने अडीच गुंठ्यांच्या आसपास आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथील सरकारने भाजी पिकविण्याची मोठी चळवळ उभारली, तेव्हा हेच तुकडे उपयोगी पडले. न्यूयॉर्क शहरात १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी नावाच्या चित्रकर्तीने व तिच्या सोबत्यांनी राडारोड्याने भरलेली एक ओसाड जागा साफ करून तेथे बाग केली. पुढे त्या बागेस तिचेच नाव मिळाले आणि ती स्वयंसेवकांच्या हाती राहिली. तेथेही आरंभी भाजीचे वाफेच आखले गेले होते. पुण्यातील एम्प्रेस बाग ज्या संस्थेकडे आहे ती पश्चिम भारताची कृषि-उद्यानविद्या संस्था १८३० पासूनची. तिचे क्षेत्र निराळे, नागरी शोभेच्या उद्यानाचे. परंतु बाग टिकावयाची तर तिच्यामागे सातत्याने चालणारी संस्था पाहिजे, एवढे त्यावरून समजते.

पाण्याचा हिशेब

ग्रामसेवकांनी बागेची जागा पाहण्यापूर्वी पाणी पाहावे, आणि पाण्याचा हिशेब बादल्यांत करावा. लिटरांत केलेला हिशेब कागदावर राहतो. बादल्यांतला हिशेब खांद्यास कळतो.

समजा, दोन गुंठे जागा आहे, म्हणजे सुमारे २०० चौरस मीटर. पायवाटा, खताचा खड्डा व कडेची झाडे वजा जाता पेरणीयोग्य जागा १३० चौरस मीटर राहील. दहा घरांत ती वाटली तर प्रत्येकास १३ चौरस मीटरांचा वाफा मिळेल, म्हणजे सव्वाचार मीटर लांब व तीन मीटर रुंद. थंडीत भाजीपाल्यास दर चौरस मीटरास दररोज साधारण चार लिटर पाणी पुरते. म्हणजे एका घरास ५२ लिटर. पंधरा लिटरांच्या साडेतीन बादल्या. एवढे पाणी घरातील कोणीही सकाळी घालू शकेल. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, वारा कोरडा वाहतो, आणि त्याच वाफ्यास चौरस मीटरी सात-आठ लिटर लागतात. म्हणजे सहा-सात बादल्या. दहा घरांच्या मिळून साठ-सत्तर. हातपंप मिनिटास बारा लिटरांच्या आसपास पाणी देतो असे धरले, तर त्या बागेसाठी तो रोज सव्वा तास सतत हलवावा लागेल. आणि त्याच वेळी पिण्याचे पाणी भरण्यास बाया रांगेत उभ्या असतील. बाग कोठे मरते ते येथे कळते. ती ह्या रांगेत मरते.

म्हणून उन्हाळ्यात बाग आकसली पाहिजे. हे ऐकण्यास विपरीत वाटेल, कारण मोहिमेच्या अहवालात बाग वाढलेलीच दाखवावी लागते. परंतु माघ सरताच प्रत्येक घराने आपल्या वाफ्याचा एक तृतीयांश भाग तेवढा चालू ठेवावा, उरलेला भाग नांगरट केल्याप्रमाणे उकरून उन्हात तापू द्यावा. त्याने जमिनीतील किडींचे कोष मरतात आणि पाण्याची गरज दोन-सव्वादोन बादल्यांवर येते. चालू भागावर धानाच्या तणसाचा चार बोटे जाड थर पसरावा. ओल टिकते व आणखी पाणी वाचते. दुपारच्या उन्हापासून आडोसा म्हणून पश्चिमेच्या बाजूस बांबूच्या कमच्यांचा ताटवा उभा करून त्यावर पळसाच्या डहाळ्या टाकाव्यात. पाणी सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतरच घालावे.

सांडपाण्याचा विचार निराळा. जल जीवन मिशनने २०१९ पासून दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. पाच माणसांच्या घरात तेवढे पाणी आले, तर २७५ लिटर होतात. त्यांतील निम्मे नहाणी व भांडी ह्यांवाटे बाहेर जाते असे मानले, तरी सव्वाशे लिटरांहून अधिक पाणी रोज रस्त्यावर चिखल करते. हे पाणी वाळू व विटांच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्यातून काढून केळी, पपई, शेवगा ह्यांच्या आळ्यांत सोडावे. पालेभाजीस, विशेषतः कच्ची खाल्ली जाणारी सांबार, मुळा ह्यांसारखी भाजी असेल तेथे, ते कदापि घालू नये. हातपंपाच्या ओट्यावरून वाहून जाणारे पाणी मात्र स्वच्छ असते. बाग शक्य तर ह्या पाटाच्या खालच्या अंगास घ्यावी.

कुंपण आणि लागवड

पाण्याच्या खालोखाल प्रश्न गुरांचा. धान निघाल्यावर गुरे मोकळी सोडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि गावात सर्वत्र पिवळे पडले असता एकच हिरवा तुकडा राहिला, तर शेळ्या तो शोधून काढणारच. बांबूचे कुंपण एक पावसाळा चांगले राहते. दुसऱ्या वर्षी बुडाशी वाळवी लागते. म्हणून पहिल्या वर्षी बांबूच्या आतल्या बाजूस जिवंत कुंपणाची कलमे रोवावीत. निर्गुडी व मेंदी गुरे सहसा खात नाहीत, सागरगोटीच्या काट्यांतून तर ती आत शिरत नाहीत. बांबू सडेपर्यंत हे कुंपण उभे राहते. रानडुकरांचा उपद्रव असलेल्या गावी कंदवर्गीय भाज्या बागेच्या मध्यभागी घ्याव्यात. माकडांवर मात्र खात्रीचा उपाय कोणाजवळ नाही. जेथे त्यांच्या टोळ्या आहेत तेथे पपई व पेरूची हौस सोडून अंबाडी, कारली, मिरची ह्यांवर भर दिलेला बरा.

कडेस शेवगा आणि हेटी, म्हणजे हादगा, ही दोन झाडे प्रत्येक बागेत असलीच पाहिजेत. ह्या दोहोंनाही एकदा मुळे धरली की पाणी फार लागत नाही, आणि उन्हाळ्यात वाफे आकसले तरी शेवग्याचा पाला मिळत राहतो. शेवग्यासाठी दीड-दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन शेणखत व माती भरावी, आणि झाड छातीइतके झाले की शेंडा खुडावा. न खुडल्यास ते ताडासारखे वाढते आणि पाला तोडावयास शिडी लागते. दरवर्षी शेंगा संपताच फांद्या छाटाव्यात.

आषाढात कुंपणावर दोडके, कारले, दुधी. जमिनीवर भेंडी, गवार, बरबटी, अंबाडी. कोपऱ्यातील उकिरड्यावर एक कोहळ्याचा वेल. कोजागिरीच्या सुमारास हे काढून पालक, मेथी, सांबार, मुळा, वांगी, भेद्रे व वाल. मेथी-पालक महिन्याभरात ताटात येतात. ते सर्व वाफ्यात एकदम न पेरता आठ-आठ दिवसांच्या अंतराने ओळीओळीने पेरावेत, नाहीतर एक आठवडा भाजीचा पूर येतो आणि पुढचे तीन आठवडे दुष्काळ. किडीसाठी निंबोळीचा पाच टक्के अर्क पुरेसा असतो. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांची पूड रात्रभर पाण्यात भिजत घालावी, सकाळी फडक्याने गाळावी, त्यात २०० ग्रॅम साबण विरघळवून एकूण १०० लिटर पाणी करावे, आणि संध्याकाळी फवारावे. लहान बागेस एवढे लागणार नाही. प्रमाण तेच ठेवून दहाव्या हिश्श्याने करावे.

बियाण्याची पेटी मंडळाची असावी. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे ह्यांनी गावठी वाणांचे बी जपून व वाटून जे काम केले, त्याबद्दल २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. आपल्याकडेही म्हाताऱ्या बायांच्या मडक्यांत, राखेत मुरविलेले वालाचे व कोहळ्याचे बी अजून सापडते. बागेतील पहिले उत्तम फळ बियाण्यासाठी सोडावे, आणि पेटीतून घेतलेल्या बियाच्या दुप्पट बी हंगामाअखेर परत करावे, एवढा नियम पुरे.

श्रम कोणाचे?

येथे एक नाजूक गोष्ट सांगणे अवश्य आहे. चांदा जिल्ह्याच्या जमीनदारी मुलखात वेठबेगारीच्या आठवणी फार जुन्या नाहीत. वरून हुकूम आला म्हणून उठून कामास जावयाचे, मोबदला नाही आणि नकारही नाही, हे अनेक घरांनी पिढ्यान् पिढ्या सोसले. श्रमदान ह्या शब्दात दान आहे. ते मागता येते, वसूल करता येत नाही. ‘उद्या साहेब येणार, तेव्हा प्रत्येक घरातून एक माणूस बागेत हजर’ असा दवंडीवजा निरोप ज्या गावी जातो, त्या गावी बाग लोकांस जुन्या वेठीसारखीच वाटली तर नवल नाही.

दुसरी गोष्ट पुरुषवर्गास कदाचित रुचणार नाही. बागेच्या उद्घाटनास खड्डे पुरुष खणतात. पुढचे तीनशे दिवस पाणी बाया आणतात. ज्या बाईच्या डोक्यावर घरच्या पाण्याच्या दोन खेपा आधीच आहेत तिच्यावर सेवाभावाच्या नावाने तिसरी खेप चढवावयाची, आणि मंडळाचा अध्यक्ष मात्र दुसराच, ही रीत सोडली पाहिजे. वाफा ज्या घरास दिला त्या घरातील स्त्रीचे नाव वहीत प्रथम लिहावे. बागेची बैठक ती मोकळी असेल त्या वेळी घ्यावी. आणि उन्हाळ्यातील पाणी भरण्याची पाळी घरातील पुरुषाने घ्यावी, असे मंडळाने उघड ठरवावे.

स्वेच्छेने केलेल्या श्रमाची परंपरा मात्र ह्या मुलखात समृद्ध आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) ग्रामगीतेतून व गुरुदेव सेवा मंडळांतून जी शिकवण दिली, तिच्यामुळे झाडीपट्टीतील कित्येक गावांत पहाटेची ग्रामसफाई व सायंकाळची सामुदायिक प्रार्थना ह्यांस माणसे आपण होऊन जमतात. बागेस हवी असलेली वेळ हीच. प्रार्थनेस निघताना एक बादली सोबत घेतली, तर वेगळी पाळी लावण्याचे कारणच पडत नाही.

वरोऱ्याजवळील आनंदवनाची हकीकत ह्या संदर्भात फार बोलकी आहे. बाबा आमटे ह्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि माळरानावर कुष्ठरुग्णांच्या हातांनी शेती व भाजीपाला उभा केला. भाजी उत्तम पिकली, परंतु कुष्ठरुग्णांनी पिकविलेली म्हणून गावचे लोक ती घेण्यास धजत नसत. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ह्या संस्थेचे देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक तेथे येऊन राहिले. त्यांनी रुग्णांबरोबर काम करून इमारती बांधल्या आणि तेथलेच अन्न खाल्ले. परदेशी तरुण निर्धास्त राहतात, खातात, हे पाहून वरोऱ्याची माणसे हळूहळू आनंदवनात येऊ लागली आणि भाजीही खपू लागली. पुढे मूल तालुक्यातील सोमनाथ येथे, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून, ऐन मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरू लागली. राज्यभरातील मुले-मुली तेथे पहाटे उठून मातीत काम करीत आली आहेत. ज्या महिन्यात आपल्या बागा ओस पडतात त्याच महिन्यात, मार्कंड्याहून फार दूर नसलेल्या ठिकाणी, शहरांतील तरुण कुदळ चालवितात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आणखी एक प्रयत्न सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती बाग जमिनीवर नसून पाण्यात आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि तेथील ढिवर समाजाचे स्त्री-पुरुष ह्यांनी मामा तलावांची निगा पुन्हा हाती घेतली. तलावांत बेशरमाची झुडपे माजली होती, देशी मासे कमी झाले होते. ह्या मंडळींनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा कोरडा तळ नांगरला, आणि पाऊस पडल्यावर इतर तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती तेथे लावल्या. काही बुडून राहणाऱ्या, काही तरंगणाऱ्या, काही काठाशी उभ्या वाढणाऱ्या. ह्या वनस्पतींच्या आडोशाने मासे अंडी घालतात, पाखरे परततात. तलाव सरकारी असला तरी मासेमारीचा हक्क आपल्या सहकारी संस्थेचा, म्हणून लागवड आपली, असा तेथील साधा हिशेब आहे. निगा आणि उत्पन्न एकाच हाती आले, की सत्तर वर्षांची उदासीनता ओसरू शकते.

मार्कंडा येथील काही विशेष

मार्कंडा व नदीकाठची गावे ह्यांनी बागेची जागा निवडताना दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, मंदिरांचा समूह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरांपर्यंत बांधकाम व खोदकाम ह्यांस मनाई असते आणि त्यापुढील २०० मीटरांत ती परवानगीवाचून करता येत नाहीत. मंदिराच्या आवारात चार फुलझाडे लावण्याची इच्छा भाविकास होणे स्वाभाविक आहे. परंतु जेथे मातीखाली जुने दगड असण्याचा संभव आहे तेथे कुदळ लावू नये. बाग शाळा, अंगणवाडी किंवा गावठाण ह्यांच्याजवळ घ्यावी.

दुसरी बाब पुराची. वैनगंगेने २०२० च्या ऑगस्टअखेर जो पूर आणला त्याच्या खुणा नदीकाठच्या माणसास दाखवावयास नकोत. पावसाळ्यातील बाग त्या खुणेच्या वरच असली पाहिजे. पाणी ओसरल्यावर खाली उरणारी गाळाची जमीन मात्र वाया घालवू नये. नदीच्या पात्रात डांगरवाड्या लावणारे ढिवर बांधव हे शास्त्र आपणा सर्वांहून अधिक जाणतात. वाळूत खड्डा करून तळाशी शेणखत घालावयाचे, ओल लागेल एवढ्या खोलीवर बी टाकावयाचे, आणि वरून पाणी अगदी थोडे द्यावयाचे; फाल्गुन-चैत्रात टरबूज, काकडी व डांगरे निघतात. मंडळाच्या बैठकीस ह्या जाणत्या मंडळींस आमंत्रण द्यावे, आणि त्यांच्या रूढ जागांवर मात्र मंडळाने आपली बाग नेऊन बसवू नये.

बाग सुरू करू इच्छिणाऱ्या मंडळाने पहिली बैठक मृगापूर्वी, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घ्यावी. कारण त्या दिवसांत विहिरीची पातळी सर्वांत खाली असते, आणि किती बादल्या निघतील ते दोर सोडून पाहता येते. जेवढे पाणी त्या दिवशी निघेल तेवढ्यापुरतेच वाफे आखावेत, मग घरे दहा असोत की सहा. वहीत प्रथम उन्हाळ्याच्या पाळ्या लिहाव्यात, नंतर पावसाळ्याच्या. तेंदूच्या फळीवर कोण जाणार, लग्नकार्य कोणाकडे आहे, बाळंतपणास कोण माहेरी जाणार, हे त्याच बैठकीत विचारून त्यांच्या वाफ्याचे पाणी कोण घालील त्याचे नाव शेजारी मांडावे.